सोबतीचे काम शिकताना : बौद्धिक अक्षमता आणि गुंतागुंतीच्या गरजा असलेल्या व्यक्तींना समाजात राहण्यासाठी आधार

बौद्धिक अक्षमता आणि तिच्या जोडीला आरोग्याच्या, हालचालींच्या किंवा संवादाच्या अनेक अडचणी असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या घरात, ओळखीच्या माणसांत आणि आपल्या वस्तीत राहता यावे, यासाठी रोज कोणीतरी सोबत असावे लागते. ही सोबत करण्याचे काम ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नुकताच नेमलेला सहाय्यक, आठवड्यातून दोन दिवस वेळ देऊ इच्छिणारी स्वयंसेविका किंवा आईवडिलांच्या पश्चात भावाची जबाबदारी घेतलेली बहीण, यांपैकी कोणीही हा लेख वाचत असेल, तरी कामाचा क्रम बराचसा सारखाच राहतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ

मराठीत 'अध्ययन अक्षमता' हा शब्द सहसा वाचन, लेखन किंवा गणित यांतल्या विशिष्ट अडचणींसाठी वापरला जातो, आणि अशा मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिकही असू शकते. ब्रिटनमध्ये मात्र त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी रूढ आहे, त्यामुळे तिकडची माहिती वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. या लेखात बौद्धिक अक्षमता अभिप्रेत आहे. नवे समजून घेणे, शिकणे आणि रोजचे व्यवहार सांभाळणे या तिन्ही गोष्टींत लक्षणीय मर्यादा असणे आणि त्या मर्यादा वाढीच्या वयातच सुरू झालेल्या असणे, असा तिचा अर्थ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र अशा मुख्य पातळ्या मानल्या आहेत. पातळी कागदावर लिहिलेली असते आणि ती माहीत असावी, पण त्या शब्दावरून समोरच्या माणसाला काय आवडते किंवा तो पाणी कसे मागतो हे कळत नाही.

'गुंतागुंतीच्या गरजा' या शब्दातली गुंतागुंत मात्र शब्दशः घ्यावी. अपस्मार (फिट येण्याचा आजार), गिळण्याची अडचण, कमी दिसणे, कमी ऐकू येणे, स्नायूंचा ताठरपणा, स्वमग्नता (ऑटिझम), मानसिक आजार या गोष्टी एकाच व्यक्तीत असल्या की त्यांची नुसती बेरीज होत नाही, त्या एकमेकींत अडकतात. अपस्माराच्या औषधाने गुंगी येते, गुंगीत जेवताना ठसका लागतो, ठसक्याच्या भीतीने माणूस जेवण नाकारतो, आणि पाहणारा म्हणतो की हल्ली तो हट्टी झाला आहे. या साखळीतली नेमकी कोणती कडी आपल्या हातात आहे, हे ओळखणे नव्या माणसाने पहिल्यापासून शिकावे.

संस्थेत ठेवण्याऐवजी समाजातच आधार का द्यायचा, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. स्वीडनचे बेंगट निर्ये यांनी १९६९ मध्ये त्याचे उत्तर अगदी साध्या भाषेत मांडले होते. दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची जी लय इतरांच्या आयुष्याला असते, तीच लय या व्यक्तींनाही मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेला आणि ३ मे २००८ पासून अमलात आलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार हीच गोष्ट हक्क म्हणून सांगतो. त्यातल्या कलम १९ नुसार कोठे राहायचे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याची संधी अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे, आणि समाजात राहण्यासाठी लागणारी मदत उपलब्ध असली पाहिजे. आपण करतो ती सोबत या कलमातल्या मदतीचाच एक भाग आहे, ते कोणावरचे उपकार नव्हेत.

पहिले पंधरा दिवस : पाहावे, विचारावे, लिहावे

नवा माणूस उत्साहात असतो आणि पहिल्याच दिवशी काहीतरी बदलायला निघतो. माझा आग्रह आहे की पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नये. व्यक्तीला सर्वात जास्त ओळखणाऱ्यांना, म्हणजे आईला, भावंडांना, जुन्या सहाय्यकाला, आणि शक्य त्या मार्गाने खुद्द व्यक्तीला विचारत जावे, आणि स्वतः पाहत जावे.

विचारण्याचे प्रश्न ठोस असावेत. 'तो कसा आहे' असे विचारले तर 'चांगला आहे' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी त्याची चांगली सकाळ कशी असते आणि वाईट सकाळ कशी असते, हे विचारावे. दुखत असेल तेव्हा तो नेमके काय करतो, कोणत्या आवाजाने दचकतो, अंगाला कोठे हात लावलेला त्याला चालत नाही, कोणती गोष्ट हातात असली की तो शांत असतो, हेही विचारावे. मिळालेली उत्तरे एका पानावर लिहावीत. या पानाचे तीन भाग केले तर ते रोजच्या वापरात येते : लोकांना त्याच्यातले काय आवडते, त्याच्या दृष्टीने काय महत्त्वाचे आहे, आणि त्याला मदत नेमकी कशी करावी. यांतला पहिला भाग बहुतेक जण गाळतात, कारण तो कामाचा वाटत नाही. पण ज्या व्यक्तीविषयीच्या सगळ्या कागदांत वर्षानुवर्षे फक्त अडचणीच लिहिलेल्या आहेत, तिच्याविषयी चार चांगल्या गोष्टी पहिल्या ओळीत वाचल्या की नव्या सहाय्यकाचा हातसुद्धा वेगळा पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

संवाद : थांबायला शिकणे

या कामाच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगते. एका तरुणीला पाणी पाजायचे होते. ती बोलत नसे आणि तिच्या हातांच्या हालचाली फार संथ होत्या. मी पेला तिच्या ओठांपाशी नेला, तिने तोंड फिरवले, मी पुन्हा नेला, तिने पुन्हा फिरवले. तिला पाणी नको आहे असे समजून मी पेला खाली ठेवला आणि नोंदवहीत 'पाणी नाकारले' असे लिहिले. जवळच बसलेल्या अनुभवी ताईंनी काही न बोलता तोच पेला उचलला, तिला दिसेल असा समोर धरला आणि त्या नुसत्या थांबल्या. मला तो वेळ फार मोठा वाटला. पंधरा-वीस सेकंदांनी तिची नजर पेल्यावर स्थिरावली, मग उजवा हात मांडीवरून किंचित उचलला गेला, बोटे उघडली. ताईंनी पेल्याखाली आपला तळहात धरून पेला तिच्या बोटांपर्यंत आणला आणि उरलेले अंतर तिने स्वतः कापले. ती पाणी नाकारत नव्हती, कोणीतरी अचानक ओठांशी आणलेला पेला नाकारत होती.

म्हणून पहिला नियम असा, की प्रश्न विचारल्यावर किंवा वस्तू दाखवल्यावर मनात किमान दहापर्यंत सावकाश मोजावे, आणि त्या वेळात प्रश्न पुन्हा विचारू नये. मेंदूला शब्द समजून घेऊन, उत्तर ठरवून ते शरीरापर्यंत पोहोचवायला वेळ लागत असतो, आणि मध्येच दुसरे वाक्य आले की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दुसरे असे, की बोलणे हा संवादाचा एकच मार्ग आहे. तोंडच्या शब्दांसोबत महत्त्वाच्या शब्दाची हाताने खूण करायची, अशी मकॅटन नावाची पद्धत १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये मार्गारेट वॉकर यांनी विकसित केली. चित्राचे कार्ड समोरच्याच्या हातात देऊन हवी ती वस्तू मागायची, ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत मांडली, आणि तिचे वैशिष्ट्य असे, की पुढाकार व्यक्तीने स्वतः घ्यायचा असतो. ज्यांना चित्रही समजत नाही त्यांच्यासाठी खऱ्या वस्तू वापरता येतात : अंघोळीआधी टॉवेल हातात द्यावा, बाहेर जाण्याआधी चपला. रोज तीच वस्तू, त्याच कामाआधी, असे महिनोन् महिने सातत्य ठेवले तर पुढे काय होणार आहे याचा अंदाज व्यक्तीला येऊ लागतो आणि तिची अस्वस्थता बरीच कमी होते. यांतली कोणती पद्धत कोणाला लागू पडेल हे वाचा-उपचारतज्ज्ञ ठरवतात. आपले काम ती सगळ्यांनी सारखी वापरावी हे पाहण्याचे असते, कारण सकाळच्या पाळीत खुणा आणि संध्याकाळच्या पाळीत नुसते बोलणे असे झाले तर कोणतीच पद्धत रुजत नाही.

अतितीव्र अक्षमता असलेल्या, स्वतःच्याच विश्वात राहणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये मेलनी निंड आणि डेव्ह ह्युइट यांनी 'इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन' ही पद्धत पुढे आणली. व्यक्ती जे करते त्याला तिच्याच भाषेत प्रतिसाद देणे, एवढेच तिच्यात करायचे असते. ती टेबलावर दोनदा टिचकी मारते, आपण शेजारी बसून दोनदा टिचकी मारावी आणि थांबावे. तिने गुणगुणल्यासारखा आवाज काढला तर तोच सूर हलक्या आवाजात धरावा. आई तान्ह्या बाळाशी जे सहज करते त्याच्याशी याचे नाते आहे, मात्र समोर प्रौढ माणूस आहे याचे भान ठेवून ते करायचे असते. तिने मान फिरवली किंवा हात मागे घेतला, तर ते तिचे 'पुरे' असते आणि ते तत्काळ मानावे. इथे काही शिकवायचे नसते, कोणते काम पुरे करून घ्यायचे नसते, आणि नेमके हेच अनेक नव्या सहाय्यकांना जमायला वेळ लागतो.

प्रौढांशी बोलताना 'बाळा', 'शहाणा मुलगा' असे शब्द कटाक्षाने टाळावेत. चाळिशीतल्या माणसाला दादा किंवा काका म्हणावे, किंवा त्याला आवडते त्या नावाने हाक मारावी. त्याच्या देखत त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखे बोलणे तर कधीही करू नये, कारण किती समजते हे बाहेरून सांगता येत नाही.

रोजची कामे त्यांच्याबरोबर करणे

कपडे घडी करणे, भाजी धुणे, दार उघडणे ही कामे सहाय्यक भराभर उरकून टाकतो आणि मग 'आता काहीतरी उपक्रम घेऊ' म्हणून रंगवायला कागद समोर ठेवतो. मला हे उलटे वाटते. खरे काम हाताशी असताना वेळ घालवण्यासाठी खोटे काम कशाला शोधायचे? ब्रिटनमधील अभ्यासक जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'सक्रिय साहाय्य' पद्धतीचे सूत्र असे आहे, की दिवसातल्या प्रत्येक क्षणात सहभागाची काही ना काही शक्यता असते, सहभाग थोडाथोडा पण वारंवार असावा, मदत गरजेइतकीच असावी आणि निवड व नियंत्रण व्यक्तीकडे असावे.

'मदत गरजेइतकीच' म्हणजे काय, ते कपडे धुण्याच्या यंत्राच्या उदाहरणाने पाहू. यंत्र सुरू करण्याच्या कामात कपडे आणणे, झाकण उघडणे, कपडे आत टाकणे, पावडर घालणे, झाकण लावणे आणि बटण दाबणे असे सहा टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर आधी नुसते थांबून पाहावे. काही झाले नाही तर बोलून सुचवावे, मग बोटाने दाखवावे, मग स्वतः करून दाखवावे, आणि तरीही जमले नाही तरच हाताखाली हात देऊन मदत करावी. एखाद्याला सहांपैकी फक्त बटण दाबता येईल आणि बाकीचे पाच टप्पे आपण करू, तरी ते त्याने धुतलेले कपडे आहेत. दुसऱ्याचा हात वरून धरून ढकलणे मात्र शक्यतो टाळावे. खालून दिलेला हात त्याला हवा तेव्हा सोडता येतो, वरून धरलेला सोडवता येत नाही.

असे केल्याने काम तिप्पट वेळ घेते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय एवढाच, की सगळी कामे एकदम या पद्धतीने करायला जाऊ नये. दिवसातली दोन कामे निवडावीत, ती सगळ्या पाळ्यांत एकाच पद्धतीने करावीत, आणि ती अंगवळणी पडली की तिसरे घ्यावे.

निवडीचा अभ्यासही असाच रोजच्या कामांतून होतो. 'काय घालायचे' असे मोकळे विचारण्याऐवजी दोन शर्ट दोन्ही हातांत धरून दाखवावेत, आणि अधूनमधून हातांची बाजू बदलावी, म्हणजे त्याने शर्ट निवडला की नेहमीप्रमाणे उजवा हात निवडला, हे कळते.

शरीराकडे लक्ष : सर्वात जास्त जबाबदारी इथे आहे

ज्याला 'मला दुखते' असे सांगता येत नाही, त्याचे दुखणे दुसऱ्या कोणीतरी ओळखावे लागते. १९८२ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका घातक सवयीकडे लक्ष वेधले. व्यक्तीला बौद्धिक अक्षमता आहे हे एकदा कळले, की तिची इतर लक्षणेही तपासणारा त्याच खात्यावर टाकतो आणि खरा आजार झाकला जातो, असे त्यांना आढळले. राइस यांचा अभ्यास मानसिक विकारांपुरता होता, पण शारीरिक आजारांच्या बाबतीतही हेच घडते.

एका मध्यमवयीन गृहस्थांनी अचानक उजव्या गालावर मुठीने मारून घ्यायला सुरुवात केली होती. एका दवाखान्यात 'अशा रुग्णांमध्ये हे असतेच' असे सांगून शांत ठेवणारे औषध लिहून दिले गेले. त्यांच्या वहिनींना ते पटले नाही, कारण त्याच आठवड्यापासून ते एकाच बाजूने चावत होते आणि गार पाणी टाळत होते, आणि हे दोन्ही त्यांनी तारखेसह लिहून ठेवले होते. दंतवैद्यांना उजव्या दाढेच्या मुळाशी पू सापडला. दाढेवर उपचार झाले आणि मारून घेणे थांबले. तेव्हापासून वागणुकीत अचानक बदल झाला की मी ठरावीक क्रमाने तपासायला सांगते : दात, कान, पोट, लघवी, त्वचा, सांधे, नवे औषध, मासिक पाळी. स्वभावाचा विचार त्यानंतर करावा.

काही गोष्टींवर रोज नजर ठेवावीच लागते. बद्धकोष्ठता ही त्यांतली सर्वात दुर्लक्षित गोष्ट आहे. कमी हालचाल, कमी पाणी आणि अनेक औषधांचा परिणाम यांमुळे ती या व्यक्तींमध्ये फार आढळते, आणि ती जिवावरही बेतू शकते. म्हणून शौचाची नोंद रोज ठेवावी, लाज बाळगू नये, आणि पोट फुगणे, उलटी, जेवण नाकारणे अशी लक्षणे दिसली तर तातडीने डॉक्टरांकडे जावे. आतड्यांत मळ साठून घट्ट झाला असेल तर त्याच्या कडेने पातळ मळ गळतो आणि जुलाब झाले आहेत असा समज होतो, हेही लक्षात ठेवावे.

गिळण्याची अडचण असल्यास अन्नाचा किंवा पाण्याचा अंश श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. जेवताना खोकला, ओलसर घोगरा आवाज, डोळ्यांत पाणी येणे, वारंवार छातीचा संसर्ग होणे या खुणा दिसल्या तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. अन्न किती मऊ आणि पेय किती दाट असावे यासाठी आता ० ते ७ अशा पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरली जाते. ठरलेली पातळी स्वयंपाकघरात ठळक लिहून लावावी आणि अंदाजाने तीत बदल करू नये. भरवताना व्यक्तीला सरळ बसवावे, तिच्या समोर तिच्या उंचीवर बसावे, घास लहान ठेवावा आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नेऊ नये. जेवल्यावर लगेच आडवे करू नये.

फिट आली तर घड्याळ पाहावे. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, हातपाय दाबून धरू नयेत आणि तोंडात चमचा, बोट, पाणी असे काहीही घालू नये. झटके थांबल्यावर कुशीवर वळवावे आणि शुद्धीवर येईपर्यंत सोबत राहावे. झटके ५ मिनिटांहून अधिक चालले, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली किंवा श्वास नीट सुरू झाला नाही, तर ती तातडीची वैद्यकीय गरज समजावी. डॉक्टरांनी त्या व्यक्तीसाठी आपत्कालीन औषध लिहून दिले असेल, तर ते कोणी, केव्हा आणि कसे द्यायचे याचे प्रशिक्षण आधीच घेतलेले असावे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये थायरॉइडचे विकार अधिक आढळतात, त्यामुळे त्याची तपासणी ठरावीक काळाने व्हावी. अल्झायमरशी संबंध असलेल्या एका प्रथिनाचे जनुक २१ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते आणि या व्यक्तींमध्ये ते गुणसूत्र जास्तीचे असते, म्हणून त्यांना स्मृतिभ्रंश तुलनेने लवकरच्या वयात होऊ शकतो. चाळिशीनंतर जुनी जमणारी कामे जमेनाशी झाली तर त्याला आळस म्हणू नये. मात्र तो स्मृतिभ्रंशच आहे असेही गृहीत धरू नये, कारण थायरॉइड, कमी ऐकू येणे किंवा जवळच्या कोणाच्या मृत्यूचे दुःख यांमुळेही तसेच दिसते.

दवाखान्यात जाताना एक पान सोबत न्यावे. औषधे, ॲलर्जी, गिळण्याची पातळी, 'हो' आणि 'नाही' कसे सांगतो, दुखताना कसा वागतो, इंजेक्शनच्या वेळी काय केले तर सोपे जाते, एवढे त्यावर असावे. रांगेत तासभर बसणे सहन होत नसेल तर सकाळची पहिली वेळ आधीच मागून घ्यावी.

वागणूक कठीण होते तेव्हा

ओरडणे, मारणे, वस्तू फेकणे यांमागे शरीराचे कारण नाही असे दिसले, तर तीन रकान्यांची वही करावी : आधी काय घडले, नेमके काय केले, त्यानंतर काय झाले. 'चिडला' असे न लिहिता 'डाव्या हाताने ताट ढकलले' असे लिहावे. दोन-तीन आठवड्यांत बहुधा एखादा आकार दिसू लागतो. गर्दी आणि गोंगाटातून सुटका, कोणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू किंवा त्या हालचालीतून मिळणारी संवेदना, यांपैकी काहीतरी त्या वागण्यातून त्याला मिळत असते. ते मिळवण्याचा सोपा मार्ग त्याला दिला पाहिजे. गोंगाटातून निघून जाण्यासाठी एखाद्याला दाराचे चित्र दाखवायला शिकवले, तर दर वेळी ते चित्र दिसताच खरोखर त्याला बाहेर नेले पाहिजे. दोनदा टाळाटाळ झाली की तो पुन्हा ताट ढकलणार, आणि त्यात चूक त्याची नसेल.

शांत ठेवणारी औषधे अशा वागण्यासाठी सर्रास दिली जातात. मानसिक आजाराचे निदान नसताना ती वर्षानुवर्षे चालू राहतात, हे लक्षात आल्यावर इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये अशी औषधे अनावश्यक असतील तेथे कमी करण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सहाय्यकाने स्वतःच्या मनाने औषध कधीही बंद करू नये. मात्र औषध कशासाठी चालू आहे, ते कधी सुरू झाले आणि त्याचा फेरविचार केव्हा होणार, हे तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत.

निर्णय कोणाचा

संयुक्त राष्ट्रांच्या वर सांगितलेल्या कराराचे कलम १२ सांगते, की कायद्यापुढे अपंग व्यक्तीचे स्थान इतरांच्या बरोबरीचे आहे आणि निर्णय घेण्यासाठी लागणारी मदत तिला मिळाली पाहिजे. व्यवहारात याचा अर्थ असा, की माहिती लहान वाक्यांत, चित्रांसह, शांत जागी आणि दिवसाच्या चांगल्या वेळेत द्यावी, आणि उत्तर पक्के आहे का हे दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. प्रत्येक निर्णय वेगळा धरावा. पैशांचे मोठे व्यवहार न समजणाऱ्या माणसाला कोणाबरोबर फिरायला जायचे हे पक्के समजत असू शकते. आपल्याला न आवडणारी निवड त्याने केली, तर ती त्याला समजली नाही असा निष्कर्ष काढू नये.

घराबाहेरचे आयुष्य

समाजात घर असूनही माणूस एकटा असू शकतो. त्याच्या आयुष्यातली माणसे एका कागदावर मांडून पाहिली, तर पुष्कळदा घरचे दोघे-तिघे आणि बाकी सगळे पगारी, असे चित्र दिसते. कॅनडात १९८० च्या सुमारास ज्युडिथ स्नो या अपंग विचारवंत स्त्रीभोवती मित्रांनी जे वर्तुळ उभे केले, त्यातून 'आधार वर्तुळ' ही कल्पना पुढे सर्वत्र गेली. व्यक्तीला ओळखणारी आणि तिच्याविषयी आपुलकी असणारी पाच-सहा माणसे, जी पगारासाठी येत नाहीत, दीड-दोन महिन्यांनी तिच्यासोबत बसतात आणि पुढे काय करायचे ते तिच्यासोबत ठरवतात. बोलावणे नेमके असले की लोक येतात. 'मदत करा' म्हटल्यावर माणूस बिचकतो, पण 'दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात जाताना अर्धा तास सोबत चालाल का' असे विचारले तर होकार मिळण्याची शक्यता खूप वाढते.

नव्या ठिकाणी नेताना आधी गर्दी नसताना, थोड्या वेळासाठी न्यावे. त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा पुन्हा गेले की तिथली माणसे ओळखू लागतात. दुकानदार व्यक्तीऐवजी आपल्याशी बोलू लागला, तर आपण एक पाऊल मागे सरून तिच्याकडे पाहावे. बहुतेक लोकांना तेवढ्याने कळते.

खाजगीपणा आणि सुरक्षितता

अंघोळ, कपडे बदलणे, पाळीची काळजी ही कामे दार लावून, आधी सांगून, आणि कोणाच्या हातून झालेली चालतील हे व्यक्तीला विचारून करावीत. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी सांगावे. ज्यांना दिवसभर परके हात सहन करावे लागतात, त्यांना 'नको' म्हणण्याची सवय राहत नाही, आणि गैरवर्तन करणारा नेमका याचाच फायदा घेतो. कारण न कळणारे वण, एखाद्या विशिष्ट माणसाला पाहून आक्रसणे, पैशांचा हिशेब न जुळणे, झोप उडणे यांपैकी काही दिसले तर तारीख-वेळेसह लिहावे आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला कळवावे. स्वतः उलटतपासणी घेऊ नये, आणि 'कोणाला सांगणार नाही' असे वचन कधीही देऊ नये.

घरच्यांशी वागताना

आईवडिलांना अनेक वर्षांत अनेक तज्ज्ञांनी अनेक गोष्टी सांगितलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकींच्या विरुद्ध असतात. त्यामुळे ते नव्या माणसाकडे साशंकतेने पाहतात, यात वावगे काही नाही. त्यांची पद्धत आपल्याला चुकीची वाटली तरी ती कशातून आली हे आधी विचारावे. 'आमच्या मागे याचे कसे होणार' हा प्रश्न बहुतेक घरांत मोठ्याने बोलला जात नाही. तो निघाला तर खोटा धीर देऊ नये. कागदपत्रे, राहण्याची जागा, पैशांची सोय आणि सोबतीची माणसे यांचा विचार पालक धडधाकट असतानाच सुरू व्हावा, आणि पालकांपासून दूर एखादी रात्र राहण्याची सवयही तेव्हापासूनच थोडीथोडी लावावी.

काम सोडताना

या कामात माणसे बदलत राहतात. व्यक्तीच्या दृष्टीने मात्र कालपर्यंत रोज येणारा चेहरा आज येत नाही, आणि कोणी काही सांगत नाही. काम सोडायचे ठरले की किमान तीन-चार आठवडे आधी तयारी सुरू करावी. नव्या सहाय्यकाला आधी नुसते शेजारी बसवावे, मग एकेक काम त्याच्याकडे द्यावे, आणि दोघांचे फोटो दिनदर्शिकेवर लावून कोणत्या दिवशी कोण येणार हे व्यक्तीला रोज दाखवावे. नव्या माणसासाठी दोन पाने लिहावीत : पेला कोणत्या बाजूने धरायचा, किती वेळ थांबायचे, कोणत्या आवाजाचा अर्थ काय आणि कोणत्या शांततेचा अर्थ काय. शेवटच्या दिवशी व्यक्तीला समजेल अशा रीतीने निरोप घ्यावा, आणि पुन्हा भेटायला येणार असाल तरच 'येईन' म्हणावे.